टाइपरायटर, फुगा आणि ढेरी

मागच्या शुक्रवारी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये कमरेचा घेर मोजला. आकडा सांगत नाही! "बैठं काम ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. बैठं आहेच हो, पण शांत अजिबात नाही. चाळीस माणसं, एकच हॉल, मध्ये पार्टिशन नाही. म्हटलं, दिवसभरच्या या कलकलाटाचा पोटाशी काही संबंध आहे का, बघू तरी. सगळा शनिवार त्यातच गेला.

आणि सापडले डोनाल्ड लेयर्ड. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. (हो, टूथपेस्टवालं तेच घराणं.) १९२०च्या दशकातलं ऑफिस म्हणजे ओळीनं मांडलेले टाइपरायटर आणि त्यांचा अखंड खडखडाट. लेयर्डनी टायपिस्टना आधी गोंगाटात आणि मग त्यामानानं शांत वातावरणात काम करायला लावलं. इथवर कोणालाही सुचेल. पण त्यांनी नुसता वेग नाही मोजला, शरीर किती ऊर्जा जाळतंय तेही मोजलं. गोंगाटात ती जास्त जळत होती! मला हे फार भारी वाटलं. टाइप झालेल्या पत्राकडे बघून साहेबाला यातलं काय कळणार? जादाचं बिल टायपिस्टच्या अंगावर, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

१९३० साली लेयर्ड आणि त्यांचे सहकारी स्मिथ पोटाकडे वळले. पोटाची आकुंचनं मोजायची त्या काळची रीत म्हणजे माणसानं चक्क रबरी फुगा गिळायचा. १९१२ मध्ये कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न यानं तसा गिळून दाखवला होता, आणि ही आकुंचनं म्हणजेच भूक, असा तेव्हाचा समज होता. मोठ्या आवाजात ती मंदावतात असं लेयर्ड-स्मिथना दिसलं. म्हणजे ऊर्जा जास्त जळणार, भूक कमी लागणार. या हिशेबानं गोंगाटात काम करणारा माणूस वाळायला हवा. मग मी का नाही वाळलो?

उत्तराचा धागा त्याच सुमारास दुसऱ्याच टेबलावर पडला होता. १९३२ मध्ये हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जननं काही विचित्र रुग्णांची माहिती छापली. चेहरा गोल, धड जाड, हातपाय मात्र काडीसारखे. त्यामागे जास्तीचं कॉर्टिसॉल असतं, हे पुढे कळलं. आवाज थोडा वेळ झाला तर शरीर सावध होतं, ऊर्जा जाळतं. तोच वर्षानुवर्षं चालला तर झोप बिघडते, कॉर्टिसॉल चढं राहतं आणि चरबी पोटाशी साठते, अशी साखळी आता मांडली जाते. लेयर्डचा प्रयोग चुकला नव्हता, त्यांचं घड्याळ छोटं होतं.

२०१४ मध्ये स्टॉकहोम परिसरातल्या ५,१५६ लोकांचा अभ्यास आला. आठ-दहा वर्षांत, विमानांचा आवाज जिथे जास्त तिथे कमरेचा घेरही जास्त वाढलेला. पण तो घरी ऐकू येणारा आवाज. कारखान्यात हे सोडवणं महाकठीण, कारण आवाज असतो तिथेच रात्रपाळी असते, वडापाव असतो, कमी पगार असतो. आणि कायदा? अमेरिकेनं १९७१ पासून आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली, ती कान वाचवण्यासाठी. पोटाचा त्यात विचारच नाही.

आमच्या हॉलमध्ये ९० डेसिबल नसतात, हे कबूल. शिवाय माझं टेबल पँट्रीला चिकटून. कॉफी मशीनची घरघर आणि फुकटची बिस्किटं, दोन्ही हाताच्या अंतरावर. ढेरी नक्की कशामुळे, हे शोधायला लेयर्डसाहेबांना मला फुगाच गिळायला लावावा लागला असता.