शॅम्पेनचे लहान बागायतदार : बाटलीवर नाव कोणाचे?

फ्रान्सच्या ईशान्येकडील शॅम्पेन प्रांतातील फेसाळ वाइन जगभर काही मोठ्या कंपन्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु तेथील द्राक्षबागांची सुमारे ९० टक्के जमीन हजारो लहान बागायतदारांच्या मालकीची आहे. द्राक्षे एकाची आणि नाव दुसऱ्याचे, ही विभागणी कशी झाली आणि काही बागायतदारांनी ती कशी मोडली, हे येथे पाहू.

विभागणीचे मूळ उत्पादनप्रक्रियेत आहे. शॅम्पेनचा फेस बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनातून येतो. यीस्ट साखरेपासून कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि बंद बाटलीतील दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत चढतो. त्यासाठी जाड काचेच्या बाटल्या, थंड तळघरे आणि माल दीर्घकाळ पडून राहिला तरी चालेल एवढे भांडवल लागते. लहान शेतकऱ्याकडे ते नव्हते. म्हणून तो द्राक्षे कंपन्यांना विकत असे आणि भावाच्या बाबतीत त्यांच्यावर अवलंबून असे.

रेल्वे आल्यावर त्याची बाजू आणखी कमकुवत झाली. काही व्यापारी लुआर खोऱ्यातून आणि दक्षिणेतून स्वस्त माल आणून तो शॅम्पेनमध्ये वापरू लागले. १९१० मध्ये खराब हवामान व बुरशीरोगामुळे पीक जवळजवळ बुडाले. जानेवारी १९११ मध्ये संतप्त बागायतदारांनी बाहेरून आलेला माल अडवून मार्न नदीत ओतला. एप्रिलमध्ये एपर्नेजवळच्या आयी गावात व्यापाऱ्यांच्या इमारती जाळल्या गेल्या. सरकारला सैन्य पाठवावे लागले.

मागणी सरळ होती : शॅम्पेन म्हणजे शॅम्पेनचीच द्राक्षे. पण शॅम्पेनची सीमा कोणती? १९०८ च्या आदेशाने दक्षिणेकडील ओब जिल्हा वगळला होता. वास्तविक त्या जिल्ह्यातील त्र्वा हे शहर शॅम्पेनची जुनी राजधानी! तेथील बागायतदारही १९११ मध्ये रस्त्यावर उतरले. अखेर १९२७ च्या कायद्याने ओबला पूर्ण स्थान मिळाले आणि १९३६ मध्ये शॅम्पेनला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला.

या कायद्यांनी स्थानाचे नाव वाचवले. बागायतदाराचे नाव मात्र अजूनही झाकलेलेच होते. ते बाटलीवर आणण्यासाठी त्याला स्वतः वाइन करून विकावी लागणार होती. काही बागायतदार हे आधीपासून करत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची संख्या वाढली. आव्हीझ गावातील आन्सेल्म सेलोस हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. बर्गंडीत शिकून आलेल्या सेलोस यांनी १९८० च्या सुमारास घरची बाग हाती घेतली, वेलीवरचे उत्पन्न मर्यादित ठेवले आणि ओकच्या पिंपांत वाइन आंबवली. मोठ्या कंपन्या अनेक गावांच्या व वर्षांच्या वाइन मिसळून दरवर्षी तीच चव राखतात. बागायतदाराच्या बाटलीत एखाद्या गावाची, कधी एकाच तुकड्याची चव उतरू शकते.

आज लेबलवरील बारीक अक्षरांत हा इतिहास वाचता येतो. ‘आरएम’ म्हणजे मुख्यतः स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणारा बागायतदार, ‘एनएम’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊ शकणारी कंपनी. ही अक्षरे दर्जाची हमी देत नाहीत. वाइन कोणी केली, एवढेच सांगतात.

भारतात २००४ मध्ये दार्जिलिंग चहाला पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून अनेक उत्पादनांना ते मिळाले आहे. अशा प्रत्येक उत्पादनाबाबत शॅम्पेनचा इतिहास दोन वेगळे प्रश्न विचारायला शिकवतो : वस्तू कोठली आहे, आणि ती कोणाच्या हातची आहे?