छोट्या कंपनीच्या ऑडिटची कुळकथा

पांढुर्ण्यात एकट्या मालकाचं बी-बियाण्यांचं दुकान आहे असं समजा. वर्षाची विक्री नव्वद लाख. त्याला साधारणपणे ऑडिटर लागत नाही. आयकराच्या ऑडिटची रेषा एक कोटीला आहे. शेजारच्या गाळ्यात नवरा-बायकोने संत्र्यांच्या ग्रेडिंग-पॅकिंगसाठी प्रायव्हेट लिमिटेड काढली. अंबिया बहार हातचा गेला, मशीन आलंच नाही, वर्षभरात एक पेटीही बाहेर पडली नाही. खात्यावर बँकेने कापलेले चार्जेस तेवढे दिसतात. या कंपनीला मात्र चार्टर्ड अकाउंटंटकडून हिशेब तपासून घ्यावाच लागतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३९: कंपनी म्हटली की ऑडिटर आला. विक्री शून्य असो की शंभर कोटी.

हा न्याय उलटा वाटतो. तो कुठून आला ते पाहिलं की तितकासा उलटा राहत नाही.

हिशेब तपासणं आपल्या मुलखाला नवं नव्हतं. शिवकाळात मुजुमदार राज्याचा जमाखर्च पाहत असे, पेशवाईत फडणीसांच्या नजरेखालून कागद गेल्याशिवाय रक्कम मंजूर होत नसे. पण ती तपासणी वरून खाली होती: धनी चाकराचा हिशेब घेई. कंपनीत धनी शेकडो, विखुरलेले, एकमेकांना अनोळखी. आणि तिजोरीची किल्ली पगारी माणसाकडे. धन्यालाच चाकराच्या दारात जाऊन वही मागावी लागते आणि चाकर म्हणतो, साहेब बाहेर गेलेत. या पेचातून कंपनीचं ऑडिट जन्मलं.

जन्म इंग्लंडमधला, १८४४ चा. रेल्वेच्या शेअर्सचं वेड आणि बनावट विमा कंपन्यांनी बुडवलेले लोक, या पार्श्वभूमीवर ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने जॉइंट स्टॉक कंपन्यांचा कायदा झाला आणि त्यात ऑडिटर आला. त्याला हिशेब यायला हवा अशी अट मात्र नव्हती. भागधारकांपैकीच कोणी तरी उभा राहायचा, वह्या चाळायचा आणि सही करायचा. १८५६ मध्ये सक्तीही गेली. व्यापाऱ्यांच्या घरात सरकारने डोकावू नये, हा त्या काळचा बाणा. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, ताळेबंद वर्षानुवर्षं खोटे निघाले आणि पुढच्याच वर्षी बँकांना ऑडिट सक्तीचं झालं. सगळ्या कंपन्यांना ते लागू व्हायला १९०० साल उजाडलं.

मधल्या काळातला एक खटला कापसाच्या मुलखातल्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. किंग्स्टन कॉटन मिल, १८९६. गिरणीचा मॅनेजर वर्षाअखेरीस कापसाचा आणि सुताचा साठा फुगवून दाखवी. साठा फुगला की नफा फुगतो. ऑडिटरांनी मॅनेजरच्या सहीचा दाखला घेतला आणि गोदामात पाऊल टाकलं नाही. न्यायालयाने त्यांना सोडलं. न्यायमूर्ती लोप्स यांचं म्हणणं असं की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे. हे वाक्य सीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं आणि बहुतेकांना ते सोयीचंही वाटतं. अमेरिकेत १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा कागदावरचा साठा गोदामात नव्हताच असं उघड झालं, तेव्हापासून ऑडिटरला गोदामात जावं लागतं. आज सौंसरकडच्या जिनिंगमध्ये साठ्याची रक्कम मोठी असेल, तर ३१ मार्चच्या आसपास ऑडिटरचा आर्टिकल असिस्टंट १७० किलोच्या गाठी मोजताना दिसायला हवा. तो नागपुरात बसून मुनिमाच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या यादीला टिकमार्क करत असेल, तर आपण अजून १८९६ मध्येच आहोत.

नागपूर-पांढुर्ण्याच्या या बाजूला कंपनी आली ती कापूस आणि मँगनीजमागून. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदवली. तिची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. भांडवल मुंबईचं, कापूस इथला. पुढे १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघालं, त्याचं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी, म्हणजे सीपीएमओ झालं आणि १९६२ नंतर आजचं मॉईल. सौंसर तालुक्यातल्या काचीधाना, सितापार, गोवारी वडोना या गावांचं मँगनीज फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ च्या ग्रंथात जगापुढे ठेवलं. सितापारच्या नावाने तर एका खनिजाचं बारसं झालं. खाणीवरचा मजूर सौंसरचा आणि सीपीएमओसारख्या कंपनीचा भागधारक विलायतेतला. दूर राहणाऱ्या धन्यासाठी ऑडिट कसं जन्मलं, ते समजायला याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

हिंदुस्थानात ऑडिटरची पात्रता आणि सक्ती ठरली ती १९१३ च्या कंपनी कायद्याने. तो १ एप्रिल १९१४ पासून अमलात आला. त्याआधीच्या काही महिन्यांत लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली होती. मग मुंबईत जीडीए ही हिशेबाची सरकारी पदविका आली आणि १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था उभी राहिली.

गावात मात्र ऑडिट पोचलं ते वेगळ्या वाटेने, असं मला वाटतं. १९०४ च्या सहकारी कायद्याने प्रत्येक पतसंस्थेचा हिशेब दरवर्षी सरकारी माणसाने तपासावा असं ठरवलं. म्हणून आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऑडिट म्हणजे सोसायटीत येणारा साहेब. तो येणार म्हणून सचिव आठवडाभर रोजकीर्द लिहीत बसतो. ऑडिटर आपल्या वतीने, आपल्यासाठी येतो ही भावना त्या वाटेने कधी रुजलीच नाही.

आता लहान कंपनीकडे. १९५६ च्या कायद्याच्या छायेत पन्नास वर्षं मोठ्या-लहान सगळ्या कंपन्यांना जवळपास एकच माप होतं. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने जमशेद इराणींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इराणी टाटा स्टीलचे, जन्म नागपूरचा, शिक्षण तिथल्याच सायन्स कॉलेजचं. लहान कंपन्यांना वेगळं, हलकं माप असावं आणि एका माणसाचीही कंपनी असावी, असं या समितीने २००५ मध्ये सुचवलं. २०१३ च्या कायद्यात ‘स्मॉल कंपनी’ आली. भरणा भांडवल पन्नास लाख आणि विक्री दोन कोटी, इथून मर्यादा सुरू झाली. २०२१ मध्ये ती दोन आणि वीस कोटी झाली, २०२२ मध्ये चार आणि चाळीस, आणि १ डिसेंबर २०२५ पासून दहा आणि शंभर कोटी. म्हणजे बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतला रेमंडसारखा मोठा कारखाना सोडला, तर पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतल्या बहुतेक खाजगी कंपन्या आता ‘स्मॉल’च म्हणायच्या.

सवलती खऱ्या आहेत. कॅश फ्लो स्टेटमेंट नको. संचालक मंडळाच्या वर्षाला दोनच बैठका. वार्षिक विवरण एमजीटी-७ए या आटोपशीर फॉर्ममध्ये. ऑडिटर ठरावीक वर्षांनी बदलण्याची सक्ती नाही. ऑडिटरने उत्तरं द्यायची, १९७५ च्या आदेशापासून वाढत आलेली ‘कारो’ची प्रश्नावली लागू नाही, ऑडिटर एका ओळीत तसं लिहून मोकळा होतो. मात्र एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती राहिली का हे ऑडिटरने लिहिलंच पाहिजे. ही अट नवरा-बायकोच्या कंपनीलाही आहे. सरकार एका दाराने सूट देतं आणि दुसऱ्याने तपासनीस पाठवतं.

फांद्या छाटल्या, खोड तसंच आहे. गंमत अशी की खोड जिथून आणलं त्या इंग्लंडने ते लहान कंपन्यांपुरतं १९९४ मध्येच तोडायला सुरुवात केली. तेव्हा नव्वद हजार पौंडांपर्यंत विक्री असणाऱ्यांना ऑडिट माफ झालं. एप्रिल २०२५ पासून ही रेषा दीड कोटी पौंडांवर आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरए या सरकारी संस्थेने हाच प्रश्न चर्चापत्रातून विचारला: सूक्ष्म-लहान कंपन्यांना ऑडिटची सक्ती हवी का? सीएंच्या संस्थेकडून विरोध झाला आणि पुढे काही हललं नाही. दरम्यान चाळीस लाखांपर्यंत उलाढाल आणि पंचवीस लाखांपर्यंत भांडवल असलेल्या एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) २००९ पासून ऑडिट नाही, आणि त्यामुळे आकाश कोसळलेलं नाही.

माझं मत सांगतो. जिथे भागधारक आणि संचालक एकाच ताटात जेवतात, तिथे ही सक्ती काढावी. कर्ज असेल तर बँक आपला हिशेब मागून घेईलच, आयकर खातंही घेईल. पण सरसकट मर्यादा ओढून माफी देऊ नये. कारण याच मर्यादेत दुसरी एक जात बसते, शेतकरी उत्पादक कंपनी.

उत्पादक कंपनीची तरतूद अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० मध्ये नव्या कायद्यात तिचं स्वतंत्र प्रकरण झालं. किमान दहा उत्पादक हवेत. केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या (एफपीओ) योजनेत मैदानी भागात तीनशे सभासद लागतात. भांडवल काही लाखांचं, म्हणजे कागदोपत्री ‘स्मॉल’. पण तीनशे शेतकऱ्यांचे पैसे मूठभर संचालक आणि एका पगारी सीईओच्या हाती. १८४४ चा पेच जसाच्या तसा इथे उभा आहे. फक्त रेल्वेऐवजी संत्रा आणि कापूस आहे. कायद्याने हे ओळखलंय: उत्पादक कंपनीला वार्षिक ऑडिट तर आहेच, वर चार्टर्ड अकाउंटंटकडून अंतर्गत ऑडिटही आहे, कंपनी कितीही लहान असो.

तेव्हा पांढुर्णा-सौंसरच्या एखाद्या उत्पादक कंपनीचा शेअर तुमच्याकडे असेल, तर एवढं करा. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, वार्षिक सभा एरवी सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. सभेची लेखी नोटीस किमान चौदा दिवस आधी मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तिच्यासोबत ऑडिट झालेला ताळेबंद व नफा-तोटापत्रक यायलाच हवं. पोळा-गोटमारच्या सणांच्या गडबडीत नोटीस नुसती सही घेऊन परत जाऊ देऊ नका. प्रत ठेवून घ्या. त्यात सभासदांकडून घेतलेला माल, त्याचे द्यायचे राहिलेले पैसे आणि वर्षाअखेरचा साठा हे तीन आकडे पाहा आणि सभेत उभं राहून विचारा, साठा मोजायला गोदामात कोण गेलं होतं?