खोल रेडिओ सर्वेक्षण

आकाशाच्या एका छोट्या तुकड्यावर रेडिओ दुर्बीण शेकडो तास रोखून अतिदूरच्या दीर्घिकांचे क्षीण संकेत टिपण्याची पद्धत. वेळ चौपट दिला तर नोंदीतला गोंगाट जेमतेम निम्मा होतो. त्यामुळे हे काम चिकाटीचे.

दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू २१ सेंमी. तरंगलांबीवर (१,४२० मेगाहर्ट्झ) प्रारण सोडतो. विश्वाच्या प्रसरणामुळे ही लहर ताणली जाते. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला संकेत आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचतो. मात्र इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात बुडालेला असतो. त्यावरचा तोडगा असा : प्रकाशीय दुर्बिणींनी अंतरे आधीच मोजलेल्या हजारो दीर्घिकांच्या नोंदी एकावर एक रचून सरासरी काढायची. गोंगाट विरतो, संकेत उरतो. एका दीर्घिकेविषयी यातून काही कळत नाही, हे मात्र विसरू नये.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या कामी विशेष उपयोगी ठरली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तबकडी सलग पत्र्याची नसून पोलादी तारांच्या जाळीची. खाली उभे राहिले की जाळीतून आकाश दिसते. वाराही आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका व स्वस्त झाला. २०२० मध्ये या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचा सरासरी संकेत टिपला. त्यांच्यातील हायड्रोजन नवे तारे घडवण्यात एकदोनशे कोटी वर्षांतच संपला असता, असे त्यातून दिसले. पुढील सर्वेक्षणाला ५१० तास लागले. त्यात ११,४१९ दीर्घिका होत्या.