थांबलेले वय, सरकणारा काळ : ‘साझाए-सान’चे सामर्थ्य आणि मर्यादा

१० एप्रिल १९४६ रोजी जपानी स्त्रियांनी सार्वत्रिक निवडणुकीत प्रथमच मतदान केले. त्यानंतर बाराच दिवसांनी, २२ एप्रिलला, फुकुओकातील एका सायंदैनिकात हासेगावा माचिको (१९२०–१९९२) यांची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची विनोदी चित्रमालिका, म्हणजे ‘मांगा’, सुरू झाली. १९४९ मध्ये ती ‘आसाही’ या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. सुमारे साडेसहा हजार भागांचा हा विस्तार एका कुटुंबाच्या उंबरठ्याआतबाहेरच घडतो. हा योगायोग खरा, पण मालिकेच्या स्वरूपावर तो प्रकाश टाकतो.

साझाए म्हणजे एक समुद्री शंख. तिच्या धाकट्या भावंडांची नावेही मासा आणि समुद्रशैवाल यांवरून आलेली आहेत. नावांतला हा खेळकरपणा व्यक्तिरेखांतही उतरतो. साझाए धांदरट, मोकळी आणि फटकळ आहे. येथे विनोद प्रसंगातून नव्हे, तर स्वभावातून उगवतो. प्रारंभीच्या भागांत शिधावाटप आणि टंचाई आहे, पुढे घरात विद्युत उपकरणे येतात. पराभवापासून सुबत्तेपर्यंतचा प्रवास इतिहासग्रंथांना न साधणाऱ्या तपशिलांनिशी येथे नोंदला गेला आहे. हे मालिकेचे निःसंशय सामर्थ्य होय.

परंतु ज्या निवडीतून हे सामर्थ्य आले, तिच्यातूनच तिची मर्यादाही निर्माण होते. सुरुवातीच्या काही वर्षांत साझाएचे लग्न होते, मुलगा होतो. त्यानंतर कुणाचेच वय वाढत नाही. भोवतीच्या वस्तू बदलतात, माणसे बदलत नाहीत. चौथ्या चौकटीत प्रश्न हास्यात विरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची झळ उरत नाही. काळ येथे नोंदला जातो, भोगला जात नाही.

साझाएच्या स्वातंत्र्याचा विचारही याच अंगाने करावा लागतो. तिचा नवरा मासुओ स्वतःचे आडनाव न सोडता सासुरवाडीत राहतो. अर्थात तिला सासरच नाही. १९४७ च्या नागरी कायद्यातील सुधारणेने जुनी कुलप्रमुखसत्ता रद्द केली. हासेगावांनी मात्र नायिकेला माहेरीच ठेवून त्या सत्तेशी होणारा तिचा सामना टाळला. तिचा मोकळेपणा संघर्षातून मिळवलेला नाही, रचनेने बहाल केलेला आहे.

ही उणीव लेखिकेच्या प्रतिभेची नव्हती. ‘इजिवारू बासान’ (१९६६–१९७१) या मालिकेत त्यांनी मुलाच्या संसारात राहून सर्वांना छळणारी खाष्ट म्हातारी उभी केली. साझाएच्या घरातून वगळलेली कटुता तेथे उघडपणे प्रकटते.

१९६९ पासून दूरचित्रवाणीवर चालत आलेल्या चलच्चित्ररूपाने साझाएला राष्ट्रीय स्मरणरंजनाचे रूप दिले. त्यामुळे मूळ मालिकेतील तत्कालीनतेची धार बोथट झाली. म्हणूनच आज ‘साझाए-सान’ वाचताना तिच्या प्रसन्नतेचे मोल मान्य करावे. आणि ती प्रसन्नता कशाकशाला दाराबाहेर ठेवून टिकली, हेही विचारावे.