टाके सुकल्यानंतर

शस्त्रक्रियेचा इतिहास आजवर बहुतेक शस्त्रक्रिया करणाऱ्यांनीच लिहिला. कोणी, कोणत्या साली, कोणता अवयव किती कापला, हे त्यात अगदी तारीखवार सापडते. पण टाके निघाले, रोगी घरी गेला, आणि मग? हात पुन्हा डोक्यापर्यंत जाऊ लागला का? रात्री झोप लागली का? आरशासमोर उभे राहवले का? या प्रश्नांना त्या ग्रंथांत फारशी जागा नाही. आज मला बोलायचे आहे ते या उरलेल्या इतिहासाविषयी. आणि तोही अशा दुखण्याच्या, की ज्याचे नाव आपल्या घरांतून अजून हळू आवाजात घेतले जाते. स्तनाचा कर्करोग, आणि त्यासाठी स्तन काढून टाकल्यानंतर बाईचे पुन्हा उभे राहणे, हा आजचा विषय.

या इतिहासाची सुरुवात लपवण्यापासून होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणची राणी अतोसा हिची हकीकत लिहून ठेवली आहे. सम्राट दारियसची ही पत्नी. तिच्या स्तनात गाठ आली. गाठ लहान होती तोवर लाजेपायी ती कोणाला बोलली नाही. गाठ फुटून पसरू लागली, तेव्हा कोठे तिने डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावले. गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची. पण बघा, राजवाड्यातल्या राणीला जे सांगवले नाही, ते मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या घोवाच्या घरी राबणाऱ्या बाईला सहज सांगवेल, अशी अपेक्षा आपण कशी करावी? शिवाय ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाय, मगे दाखवूक कित्याक होया?’ हा आमच्याकडचा सवाल. दुखत नाही म्हणूनच दाखवायची, हे त्याचे उत्तर. पण ते घरोघर पोहोचायला फार वर्षे लागली.

आता दुसरी एक बाई. फॅनी बर्नी ही इंग्लंडची कादंबरीकार. १८११ साली ३० सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये तिच्या राहत्या घरी तिचा स्तन काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणारा होता नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यवैद्य लारे. भूल देण्याच्या ईथरचा शोध जगापुढे यायला अजून ३५ वर्षे होती. बाई जागी होती, शुद्धीवर होती. यानंतर तिने आपल्या बहिणीला एक लांबलचक पत्र लिहिले. ते लिहायला तिला महिनेच्या महिने लागले, कारण लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धाडस तिला होत नव्हते. जखम केव्हाच भरून आली होती, पण त्या दिवसाविषयी बोलायचे म्हटले की तो दिवस पुन्हा समोर उभा राही. फॅनी बर्नी पुढे २८ वर्षांहून अधिक जगली आणि १८४० साली, वयाच्या ८७ व्या वर्षी वारली. शरीर आणि मन एकाच दिवशी बरे होत नाहीत, हे रोग्याच्या स्वतःच्या शब्दांत सांगणारा इतका जुना कागद क्वचितच सापडेल.

भूल आली, जंतुनाशके आली, आणि शल्यवैद्याचा हात धीट झाला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम हॅलस्टेड याने स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सर्व एकसंध काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. १८९४ साली त्याने आपल्या ५० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण या पद्धतीने खूपच कमी झाले, हे खरे. म्हणून पुढची सुमारे ऐंशी वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया चालली. पण त्याची किंमत कोणी दिली? बाईच्या खांद्याने आणि हाताने. छाती खोलगट होई, खांदा आखडे, आणि काखेतल्या गाठी गेल्यामुळे हाताकडून परत जाणाऱ्या लसिकेची वाट तुटून हात सुजे. किनाऱ्यावर हत्तीपाय कोणाला ठाऊक नाही? खुद्द हॅलस्टेडने १९२१ साली या सुजेवर निबंध लिहिला, तेव्हा तिला त्याने शस्त्रक्रियेने आलेला हत्तीरोग असेच नाव दिले.

हीच शस्त्रक्रिया आपल्या मुलखात आली ती मुंबईत परळला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या पश्चात पती सर दोराबजी टाटा यांनी मागे ठेवलेल्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले, ते ८० खाटांनिशी. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे तेथले नामवंत शल्यवैद्य मूळचे गोव्याचे, म्हणजे आमचे शेजारीच. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

आता हे परळ म्हणजे कोठे? तर गिरणगावात. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींत आमच्याच गावचे गिरणी कामगार राहत. म्हणजे कर्करोगाचे सर्वांत मोठे रुग्णालय आमच्या माणसांच्या दारात होते, पण रोगी बाई मात्र तीनशे मैलांवर, गावच्या घरात. सिंधुदुर्ग हा जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. रत्नागिरीतून तो १ मे १९८१ रोजी निघाला. घरधनी मुंबईत, बाई गावी, मधला दुवा मनीऑर्डर आणि पोस्टकार्ड. ज्या बाईला लिहिता येत नसे, तिचे कार्ड दुसऱ्याने लिहायचे आणि चाळीत ते चारचौघांत वाचले जायचे. अशा कार्डावर छातीतल्या गाठीविषयी काय लिहिणार? ‘माझी तब्येत जरा बरी नसते,’ एवढेच. त्यातून पावसाळा. मालवण, वेंगुर्ले, देवगडला लागणाऱ्या मुंबईच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. म्हणजे जूनमध्ये हाताला लागलेली गाठ बोटीने मुंबईला जायची ती दर्या शांत झाल्यावर. रोग काही नारळी पुनवेची वाट पाहत थांबत नाही. उशीर होण्यात बाईचा संकोच होता तसा दर्याचाही वाटा होता.

शस्त्रक्रिया झाल्यावर बरे व्हायचे कोठे? तर पुष्कळ जणींनी चाळीतल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत. पडदा लावायला दोरी बांधावी, एवढीच काय ती आडोशाची सोय. जखमेतले पाणी वाहून नेणारी नळी पदराखाली लपवायची आणि सर्वांसमोर ‘बरं आहे’ म्हणायचे. आणि गावी परतल्यावर विहीर, चूल आणि लावणी तिची वाट पाहत असत.

आमच्या बायकांच्या मनात राहिलेले प्रश्न अमेरिकेतल्या एका बाईने मोठ्याने विचारले. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर या बाईंचा स्तन १९५२ साली काढण्यात आला. हात कधी हलवू, कपडे कसे घालू, नवऱ्याशी कसे वागू, असे साधे प्रश्न त्यांना पडले आणि नीट उत्तर देणारा कोणी भेटेना. तेव्हा त्यांनी स्वतः व्यायाम शोधले, पुस्तिका लिहिली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या इतर बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. बरोबर एक रबरी चेंडू, एक दोरी आणि कपड्यात घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. काही डॉक्टरांना हे मुळीच रुचले नाही. बाईंना दारातून परत पाठवण्यापर्यंत मजल गेली. पण काम वाढत गेले, आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले. त्यातला नियम मोठा शहाणपणाचा होता : भेटीला जाणारी बाई स्वतः या दुखण्यातून गेलेली असली पाहिजे. नीटनेटके लुगडे-पोलके नेसलेली, हात वर करून केस सावरणारी एक बाई समोर दिसली, म्हणजे निम्मे भाषण तेथेच होते.

दुसरा प्रश्न याहून कठीण होता. त्या काळी गाठ तपासण्यासाठी बाईला भूल देत, आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकीत. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून काय उरले ते तिने पाहायचे! याला रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी १९७४ साली नकार दिला. आधी तपासणी, मग मला सांगा, मग मी ठरवीन, असा त्यांचा आग्रह. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हीच दोन टप्प्यांची रीत मान्य केली. इकडे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून सुमारे १,७०० रोग्यांवर तुलना करून दाखविले, की स्नायूंसकट सर्व काढल्याने बाई जास्त जगते असे नाही. इटलीत डॉ. वेरोनेसी यांनी १९८१ साली लहान गाठींपुरते सिद्ध केले, की स्तनाचा केवळ एक भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तेवढेच मिळते. हॅलस्टेडची शस्त्रक्रिया अशी मागे पडली. आता छातीचे स्नायू सहसा वाचवले जातात, आणि काखेतल्या सगळ्या गाठी प्रत्येकीच्या काढाव्याच लागतात असेही नाही.

हाताच्या बाबतीतही मत पालटले. ‘या हाताने जड उचलू नको,’ असे बायकांना जन्मभरासाठी सांगत. आमच्याकडे म्हणजे कळशी नको, पाटी नको, भाताचा भारा नको. थोडक्यात, तू आता घराच्या उपयोगाची नाहीस! शरीरापेक्षा हे वाक्यच जास्त लागत असेल. २००९ साली अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ बायकांवर प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या जणींना देखरेखीखाली, हातावर दाबपट्टीची बाही चढवून, थोड्यापासून हळूहळू वाढवीत वजन उचलायला लावले. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही; उलट सुजेचा जोर होण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा हात जपायचा म्हणजे तो गळ्यात बांधून ठेवायचा नव्हे.

मग कसं करायचं? दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट, कोपर वाकवणे, आपली वेणी आपण विंचरणे. नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची. आज पोहोचलो तेथे कोळशाची खूण, उद्या खुणेच्या वर एक बोट. विहिरीचा रहाट ओढणे लगेच नव्हे, पण अर्ध्या तांब्यापासून सुरुवात करून कळशीपर्यंत जाता येते. काख आणि दंडाची आतली बाजू बधिर वाटते, कधी मुंग्या येतात, कधी नसलेला स्तनच खाजतो किंवा दुखतो. हे वेडेपण नव्हे, कापलेल्या नसांचे ते काम आहे. त्या हाताला जखम मात्र होऊ देऊ नये. आडाळ्यावर नारळ खवताना, सुंगटे सोलताना, कालवे फोडताना, लावणीच्या चिखलात काम करताना हातमोजा घालावा. कापले तर साबणाने धुऊन औषध लावावे. हात लाल होऊन तापला, अंगात कणकण आली, तर लेप लावत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि मनाचे काय? अंगातला एक भाग गेला, तर त्याचे दुःख होणारच. ‘जीव वाचला ना, मग रडतेस कशाला?’ असे म्हणणारी माणसे वाईट नसतात, पण त्या वाक्याने रडणे थांबत नाही. ते फक्त माजघरात जाते. बाईला पहिल्यांदा टाके पाहायचे तर एकटीने पाहावे की नवऱ्याला जवळ घेऊन, हे तिचे तिने ठरवावे. नवऱ्यानेही तोंड फिरवू नये. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ती नेहमी वाईटच लावते. पोलक्याचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. नुसती कापसाची घडी हलकी, ती वर सरकते आणि बाई दिवसभर पदरच ओढत बसते. आतून खिसा शिवून त्यात योग्य वजनाचा कृत्रिम स्तन ठेवला, की तो जागेवर राहतो आणि खांदेही सारखे राहतात. हळदीकुंकवाला, जत्रेला जाण्याचा धीर कधी कधी शिंप्याच्या टाक्यातून येतो. मात्र झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले आणि असे आठवडेच्या आठवडे चालले, तर तेही दुखणेच आहे. त्याला औषध आहे, आणि तेही डॉक्टरला सांगायचे असते.

आता रेल्वे आहे. १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वेने पाऊसपाण्यातही मुंबई एका रात्रीवर आली. आणि मुंबईतच १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी झोपडवस्त्यांतून सुमारे दीड लाख बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायकांची छाती साध्या शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्यांत रोग अलीकडच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, शहरातला मोठा डॉक्टर नाही. वस्तीतल्याच एका बाईचा हात आणि दुसरीने मोडलेला संकोच. गाठ लवकर सापडली तर कापावे लागते थोडे, आणि बरे होण्याची वाटही तेवढी आखूड होते.

तेव्हा भगिनींनो, तुमच्या वाडीत या दुखण्यातून उठलेली एखादी बाई असेलच. शेजारणीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तिच्या संमतीने या दोघींची गाठ घालून द्या. चहा ठेवा आणि आपण जरा बाहेर जा. ज्या गोष्टी अतोसा राणीला कोणाजवळ बोलता आल्या नाहीत, पोस्टकार्डावर लिहिता आल्या नाहीत, त्या तिथे आपोआप निघतील.