उंबरठा आणि वाटसरू

बुलढाण्याचें एखादें कुटुंब उन्हाळ्याच्या सुटींत अलिबागेस जाण्याचें ठरवितें आणि समुद्रकांठचें घर चार दिवसांसाठीं भाड्यानें पाहूं लागतें, तेव्हां आजकाल भाड्याच्या आकड्याआधीं कित्येकदां एक प्रश्न विचारावा लागतो : "बरोबर कुत्रा आहे, चालेल काय?" घरमालक कधीं होकार देतो, कधीं अनामत रक्कम वाढवून मागतो, कधीं कुत्र्यानें ओसरीवरच निजावें अशी अट घालतो, तर कधीं सरळ नकार देतो. आंग्र्यांच्या आरमाराची आठवण सांगणारें तें गांव, ओहोटीच्या वेळीं पायीं गांठतां येणारा कुलाबा किल्ला, हें सारें मग त्या एका उत्तरावर अवलंबून राहतें. प्रश्न नवा वाटतो, परंतु तो फार जुना आहे. प्रवाशाबरोबर कोणास आंत घ्यावयाचें आणि कोणास उंबरठ्याबाहेर ठेवावयाचें, हें प्रत्येक विसाव्याच्या जागेस प्रथम ठरवावें लागतें. बुलढाणा जिल्ह्यांतील मुक्कामाच्या जागांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

आपल्या परंपरेंतील सर्वांत प्रसिद्ध नकार तर प्रत्यक्ष स्वर्गाच्या वाटेवरच मिळाला. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत द्रौपदी व चार भाऊ वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराची सोबत करणारा एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो व कुत्र्यास सोडून रथांत बसण्यास सांगतो. युधिष्ठिर स्वर्ग सोडावयास सिद्ध होतो, पण आश्रितास सोडीत नाहीं. आणि अखेर तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्मच होता असें उघड होतें. ही कथा घरोघरीं सांगितली जाते. तिच्याप्रमाणें उंबरठा मात्र क्वचितच उघडतो.

जिल्ह्यांतील जुन्या विसाव्याच्या जागांपैकीं मेहकरची धर्मशाळा विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पैनगंगेच्या कांठच्या या गांवीं यादवकालीन धर्तीची, लोक जिला हेमाडपंती म्हणतात तशी, दगडी इमारत आहे. मध्यें उघडें अंगण आणि त्याच्या भोंवतीं खांबांच्या ओसऱ्या, अशी तिची रचना आहे. या रचनेंतच तिचा धर्म दिसतो. निरनिराळ्या खोल्या नाहींत, प्रत्येक खोलीस कडी नाहीं. माथ्यावर छप्पर, पाठीस भिंत आणि समोर मोकळें आकाश, एवढेंच वाटसरूस द्यावयाचें, असा बांधणाऱ्याचा हिशेब दिसतो. अशा जागीं बैल अंगणांत, माणूस ओसरीवर आणि त्याचा कुत्रा दोघांच्या मधल्या पायरीवर, अशी वांटणी कोणी न सांगतांच होत असावी.

छपराखालीं येण्याची ज्यांना गरजच नव्हती, असेहि प्रवासी या मुलखांत पुष्कळ होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशोदेशीं फिरत. समुद्रकांठचें मीठ घाटावर चढे, तें बहुतांशीं अशाच बैलांच्या पाठीवरून. मुक्कामास गोण्या उतरून त्यांचीच भिंत रचावयाची, आंत बायकामुलें निजावयाचीं आणि बाहेर कुत्र्यांनीं राखण करावयाची, हा त्यांचा क्रम. तांड्याच्या कुत्र्यांचा दरारा मोठा होता. तेथें कुत्र्यास आंत घ्यावें कीं नाहीं हा प्रश्नच नव्हता, कारण कुत्रा हाच उंबरठा होता.

धनगरांची तऱ्हा तर याहून मौजेची. मेंढ्यांचा कळप रात्रीं शेतांत बसला म्हणजे लेंड्यांचें व मुताचें खत आपोआप जमिनींत उतरतें. म्हणून शेतकरी धनगरास आपल्या रानांत आग्रहानें उतरवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसा देतो. पाहुणा जागेचें भाडें देत नाहीं, उलट यजमानच पाहुण्यास देतो, असा हा व्यवहार. लांडग्यापासून कळप राखावयाचा असल्यामुळें धनगराचा कुत्रा या करारांत गृहीतच असतो. "कुत्रा चालेल काय?" असें धनगराला कोणी विचारीत नाहीं.

घरंदाज उंबरठ्याचा न्याय मात्र निराळा होता. वैश्वदेवानंतर कुत्र्याकावळ्यांसाठीं अन्न बाहेर ठेवण्याची चाल होती. दत्तात्रेयाच्या चित्रांत पायाशीं चार कुत्रे असतात व ते चार वेद मानले जातात. खंडोबाबरोबरहि कुत्रा असतो. सातारच्या शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचें स्मारक तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथें आहे. एवढा मान असूनहि सामान्य घरांत कुत्र्याची जागा ओसरीपर्यंतच. भाकरीचा तुकडा त्याच्या हक्काचा, माजघर नव्हे. अलिबागचा घरमालक आज जी अट घालतो, ती या जुन्या रीतीचीच नवी आवृत्ति होय.

१८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुढें अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील थंड हवेचें बुलढाणें जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. धर्मशाळेच्या जोडीस डाकबंगला आला. तेथें खोल्या होत्या, दारांना कड्या होत्या, खानसामा होता. हिंवाळी दौऱ्यावर निघालेल्या साहेबाबरोबर तंबू, घोडे आणि शिकारी कुत्रे असत. साहेबाचा कुत्रा बंगल्यांत शिरे. त्याचें सामान वाहून आणणारा गांवचा महार मात्र बाहेर झाडाखालीं बसे.

ब्रिटिश हिंदुस्थानांत १८६७ सालीं सराईंचा कायदा झाला. या कायद्यानें कोणत्याहि उपाहारगृहांत प्रवाशास व त्याच्या कुत्र्यास फुकट पाणी मिळण्याचा हक्क दिला आहे, असें अलीकडे वारंवार सांगितलें जातें. वस्तुतः त्यांत तसें कलम नाहीं. सराईची नोंद करावी, खोल्या, ओसऱ्या व विहिरी स्वच्छ ठेवाव्या, पहारेकरी ठेवावा, आजाराची सांथ दिसल्यास कळवावें आणि दरपत्रक टांगावें, एवढींच त्यांतील बंधनें. पाणी पाजण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. तिला कायद्याचा आधार शोधावा लागतो, ही कालाची गति.

जलंब-खामगांव ही आगगाडीची शाखा १८७० सालीं सुरू झाली आणि प्रवासाचा वेग बदलला. आगगाडीनें मात्र कुत्र्यास प्रवासी म्हणून ओळखलें. आजहि पहिल्या वर्गाचा स्वतंत्र डबका राखून घेतल्यास तो मालकाजवळ राहतो, नाहीं तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पिंजऱ्यांत होते. दोहोंचेंहि भाडें ठरलेलें आहे.

येथवर प्रश्न कुत्र्याचा होता. पण याच काळांत या देशांत अशी अवस्था होती कीं, जेथें कुत्र्यास मज्जाव नव्हता तेथें माणसास होता. परदेशीं विद्या संपादून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठीं बडोद्यास गेले, तेव्हां त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नांव धारण करून ते एका पारशी खाणावळींत उतरले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या जमावानें येऊन त्यांना जाब विचारला. त्याच सायंकाळीं ती जागा सोडावी लागली, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना सार्वजनिक बागेंत बसून राहावें लागलें. पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक खर्चानें बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या, असें त्यांत स्पष्ट होतें. पण ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्यावयास सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्यावर गुरें व कुत्रीं निर्वेधपणें पाणी पीत. अडविला जात होता तो माणूस. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांतांत होतें; पण तेथील उंबरठे निराळे नव्हते.

या अन्यायाचें उत्तर वऱ्हाडांतूनच एका निरक्षर पुरुषानें दगडविटांनीं दिलें. १८७६ सालीं शेंडगांव येथें जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं खराटा हातीं घेऊन लोकांकडून पैसा जमविला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीं धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र थारा नव्हता त्यांच्यासाठींच होती. १९४९ सालीं तिचें दान आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, २६ जानेवारी १९५० रोजीं, राज्यघटना अमलांत आली; तिच्या पंधराव्या व सतराव्या कलमांनीं उपाहारगृह, विहीर, तळें यांपैकीं कोठेंहि जातीच्या कारणास्तव माणसास अडविणें बंद केलें. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यांत धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचाहि नांवानिशीं उल्लेख आला.

म्हणून आज समुद्रकांठच्या घराच्या अटींत "कुत्रा चालेल" हीं दोन अक्षरें वाचतांना आनंद वाटावा, हें योग्यच आहे. मुकें जनावर घरीं कुलपाआड राहण्याऐवजीं मालकाबरोबर वाळूवर धांवतें, यांत कोणाचेंहि नुकसान नाहीं. घरमालकाचे गादी, चादर, शेजारी यांविषयींचे प्रश्न वाजवी आहेत. प्रवाशानें त्यांचा मान राखावा. परंतु त्याच घराच्या मालकानें कुत्र्यास हसत आंत घेऊन माणसाचें आडनांव मात्र हळूच विचारून घेतलें, तर त्याचा होकार मेहकरच्या त्या ओसरीच्या तोडीचा ठरत नाहीं. त्या दगडी खांबांना कडी नाहीं. युधिष्ठिरानें आश्रितासाठीं स्वर्ग नाकारला. जेथें आश्रितच नव्हे, तर माणूसहि अडतो, तें घर समुद्रावर असलें काय आणि डोंगरावर असलें काय, विसाव्याचें नव्हे.