पोथी, रेडिओ, पॉडकास्ट : वसमत परिसरातील ऐकण्याची परंपरा

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर भागाभागांनी प्रसिद्ध होणारा आणि सवडीने ऐकता येणारा श्राव्य कार्यक्रम. हे तंत्र २००४च्या सुमारास रूढ झाले आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतसारख्या तालुक्याच्या गावी पोचायला त्याला आणखी दहा-बारा वर्षे लागली. लांबलचक कथा मात्र रोज थोडी थोडी, हातातले काम न सोडता ऐकायची सवय या भागात त्याहून कितीतरी जुनी आहे.

तिचे जुने रूप पोथीचे. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. मराठी मुलखात सर्वत्र ऐकले जाणारे ग्रंथ श्रीधरस्वामींचे (१६५८–१७२९). ‘हरिविजया’चे ३६ अध्याय, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने अर्थ उलगडून सांगायचा. बायका ऐकता ऐकता कापसाच्या वाती वळत. अध्याय संपला की पुढची कथा उद्यावर जाई, आणि आज कोण आले नाही हे सगळ्यांच्या लक्षात येई. जोडीला कीर्तन होतेच. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि त्यांच्या कीर्तनाची कथा जिथे सांगतात ते औंढा नागनाथ, दोन्ही गावे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलीच.

रेडिओ आला तो निजामाच्या राजवटीत. हैदराबादेत १९३३ साली खासगी प्रयत्नातून सुरू झालेले केंद्र १९३५ मध्ये संस्थानी सरकारने ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादलाही केंद्र निघाले. प्रसारणात उर्दूचा वरचष्मा होता, मराठीच्या वाट्याला थोडा वेळ येई. त्या काळी रेडिओ म्हणजे अंमलदार, वकील नाहीतर सधन व्यापाऱ्याच्या घरातली वस्तू. वीज नव्हती तिथे तो बॅटरीवर चाले आणि घरावर एरियलची तार ताणावी लागे. त्यामुळे एकाच्या घरची बातमी बाजारात तोंडोतोंडीच पसरे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली तीही रेडिओवरूनच, आणि ज्यांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली त्यांच्यापेक्षा दुसऱ्याकडून कळलेले लोक कितीतरी अधिक असणार.

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिक भागातल्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम सर्वांनी एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. ऐकणाऱ्याला उलट बोलायची अशी रीतसर सोय त्यानंतर फार थोड्या माध्यमांनी दिली. वसमतला मात्र या प्रयोगाचा लाभ झाला नाही. त्या वेळी तालुका हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ही योजना देशभर नेण्यात आली १९५९च्या नोव्हेंबरात.

वसमतच्या दृष्टीने खरा बदल झाला १९६८ मध्ये, परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते; हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. जिल्ह्याच्या गावाहून, ओळखीच्या बोलीत, आपल्या पावसापाण्याबद्दल कोणी बोलते आहे, हे नवेच होते. योगायोगाने याच सुमारास येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्यांनी खाली उतरू लागले. बागायत वाढली, ऊस आणि हळदीसारखी पिके पसरली आणि बियाणे, खत, फवारणी यांची माहिती ही गरज होऊन बसली. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झाल्यावर शेतीच्या कार्यक्रमांना तज्ज्ञही हाकेच्या अंतरावर मिळू लागले.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि रेडिओ घराबाहेर पडला. चामड्याच्या पिशवीतला संच शेतातल्या आखाड्यावर खुंटीला किंवा बाभळीच्या फांदीला टांगलेला असे. सेल उतरले की ते काढून उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन दिवस रेटायचे, हा सार्वत्रिक उपाय. संचासाठी परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. रेडिओची मोठी अडचण म्हणजे चुकले ते चुकलेच. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ सादर केले, तेव्हा प्रत्येक गीत पुन्हा ऐकवावे लागले ते यामुळेच.

ही अडचण आधी कॅसेटने दूर केली. कीर्तने, भीमगीते, भारुडे घरात साठवता आली आणि मनाला येईल तेव्हा लावता आली. मोबाइल आल्यावर दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. थोडे पैसे दिले की दुकानदार संगणकावरून शेकडो गाणी आणि आवडत्या महाराजांची कीर्तने उतरवून देई. पॉडकास्टच्या इतिहासात या दुकानांचा उल्लेख सहसा होत नाही, पण निवडून घेतलेले, नेटवर्कशिवाय चालणारे बोलके साहित्य खेडोपाडी खिशात नेले ते त्यांनीच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डाची जागा थेट फोनने घेतली. मराठीत पॉडकास्टची वाढ त्यानंतरची. बीबीसी मराठीचे ‘गोष्ट दुनियेची’, तसेच ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ हे त्यांतले परिचित कार्यक्रम. असे कार्यक्रम बरेचसे लोक यूट्यूबवरच ऐकतात, म्हणजे चित्र चालू ठेवून फोन पालथा घालतात. नवा कार्यक्रम सापडतो तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी दुवा पाठवल्यामुळे. पूर्वी हेच काम ओसरीवरचा शेजारी करी.

हळदीच्या कामात या माध्यमाचा उपयोग सहज दिसतो. काढणी साधारण फेब्रुवारीपासून सुरू होते. त्यानंतर कंद शिजवणे, उन्हात वाळवणे, पॉलिश करणे अशी आठवडेच्या आठवडे चालणारी, हात गुंतवणारी पण कान मोकळे ठेवणारी कामे येतात. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमत हळदीमागे ही मेहनत आहे. ट्रान्झिस्टर सगळ्या आखाड्याचा असे. कानात घातलेला इअरफोन मात्र एकट्याचाच, आणि सोबतीने ऐकण्याची जुनी रीत त्यामुळे बरीच मागे पडली.

शेतीच्या माहितीबाबत पॉडकास्टची एक उणीव उरतेच. रेडिओवरचा सल्ला त्या दिवसाचा असे. फोनवरचा भाग मात्र दोन वर्षांपूर्वीचा असला तरी कालच्यासारखाच वाजतो, आणि दरम्यान एखाद्या औषधावर बंदी आलेली असू शकते किंवा हळदीचा भाव पार बदललेला असतो. म्हणून लागवडीची पद्धत, रोगाची लक्षणे, बेणेप्रक्रिया असे सावकाश ऐकण्याचे विषय पॉडकास्टला शोभतात, तर पाऊस आणि बाजारभाव यांसाठी त्या दिवशीचे प्रसारणच लागते. आकाशवाणीची अनेक केंद्रे आता प्रसार भारतीच्या अ‍ॅपवर थेट ऐकता येत असल्याने दोन्ही गोष्टी एकाच फोनवर मिळतात.